गडाच्या वाटेला सरकारी निधी हवा की नको?

डोंगरभटक्या: मागच्या पावसाळ्यात एका गडावर गेलेलो, नाव मुद्दाम घेत नाही. सिमेंटच्या नव्याकोऱ्या पायऱ्या, खालची माती वाहून गेलेली, एक पायरी तर चक्क हवेत, आणि लोक पायऱ्या सोडून शेजारच्या गवतातून चढतायत त्यामुळे तिथं दुसरी वाट पडून तिचीही घळ झालीये. निधीचा बोर्ड मात्र शाबूत. माझं म्हणणं, वाटांना सरकारी पैसा द्याच, पण तो पाणी बाजूला काढायला, आडवे दगड बसवायला, चर खणायला. पायऱ्या पुरे.

सह्यवेडी: एक रुपया नको! पैसा आला की ठेकेदार आला, मागोमाग जेसीबी. वाट सोपी झाली की गर्दी. लोहगडाला पायऱ्या आहेतच की, 2023 च्या पावसाळ्यात तिथं लोक कसे खचाखच अडकलेले ते व्हिडिओ विसरलात?

अकोलेकर: ताई, तुम्ही वर्षातनं दोनदा येणार आणि आम्हाला शिकवणार होय. कळसूबाई 1646 मीटर, नवरात्रात आमच्याकडची म्हातारी माणसं देवीला चढतात. माझी आजी चपला पिशवीत टाकते, पदर खोचते आणि दोन्ही हातांनी लोखंडी शिडी धरून वर जाते. शिड्या नसत्या तर खालूनच हात जोडले असते तिनं. तुम्हाला थरार पाहिजे म्हणून तिनं कातळाला लोंबकळायचं का?

सह्यवेडी: शिड्यांना कोण नाही म्हणतंय, त्या देवीच्या वाटेवर आहेत. प्रत्येक सुळक्याला रेलिंग लावत सुटलेत त्याचं बोला.

कोलोरॅडोकर: इकडचं सांगतो, ‘अमेरिकेत असं असतं’वाला समजू नका 😅 रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्राम म्हणून आहे, 1991 च्या कायद्यातला. स्नोमोबाईल, एटीव्ही असल्या रस्त्याबाहेर फिरणाऱ्या गाड्यांच्या इंधनावरच्या टॅक्सशी तो जोडलाय. 30 टक्के मोटरवाल्या वाटांना, 30 चालणाऱ्या-सायकलवाल्यांना, 40 मिश्र वापराला. केंद्र साधारण 80 टक्क्यांपर्यंत देतं, बाकीचं आपण उभं करायचं आणि त्यात श्रमदानाचे तास पैशात धरता येतात. मुख्य म्हणजे जुन्या वाटेची डागडुजीही यात बसते.

मार्चएंड: सरकारी कामांची बिलं काढण्यात उमेद गेली माझी, म्हणून सांगतो पायऱ्याच का होतात. एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, पायरी लिहिता येते, लांबी रुंदी उंची, घनमीटर काढा, बिल पास. मे महिन्यात साफ केलेला चर सप्टेंबरात कोण मोजणार? तपासणीवाला विचारतो काम दाखवा, आणि तिथं नुसतं गवत. शिवाय पैसा 31 मार्चच्या आत संपवायचा. ठेकेदार चोर असतो-नसतो ती गोष्ट वेगळी, आमचा फॉर्मच तसा आहे.

डोंगरभटक्या: मग श्रमदानाचे तास मोजायचा फॉर्म काढा ना!

अकोलेकर: थांबा थांबा. तुमचं श्रमदान रविवारी, सेल्फी काढून. आमच्या पोरांनी सोमवार ते शनिवार फुकट खपायचं का? निधीतून आधी त्यांना रोज द्या. दगड कुठला बसतो आणि कुठला हलतो ते त्यांना ठाऊक, इंजिनिअरला नाही.

सह्यवेडी: रोज द्यायला माझी ना नाही. मे अखेरीस चर काढायला येते मी, पण जेसीबी दिसला तर तिथंच भांडणार.

अकोलेकर: या की. पहार मात्र घेऊन या, गावात दोनच आहेत आणि एकीचं टोक बोथट झालंय.