क्लॉप आणि स्लॉट: आयतं ताट?

भाऊ, इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबात क्लॉपनंतर कोच झालेल्या स्लॉटला क्लॉपचं आयतं ताट मिळालं हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. ताट मिळालं हे खरं. 2024 च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलच्या ताफ्यात नवा खेळाडू आला तो एकटा किएझा. पण जवळपास त्याच पोरांना घेऊन क्लॉप प्रीमियर लीगमध्ये तिसरा आला होता, स्लॉटने पहिल्याच मोसमात लीग जिंकली.

मधल्या फळीतला ग्राव्हेनबर्ख बघा ना. क्लॉपकडे तो बराच वेळ बाकावर असायचा. स्लॉटने त्याला बचावफळीच्या पुढ्यात उभं केलं. पाठीला माणूस चिकटलेला असताना चेंडू पायात घेऊन एका गिरकीत तो मोकळा होतो, मला त्यासाठीच मॅच बघावीशी वाटते.

27 एप्रिल 2025 ला, लीग पक्की करणाऱ्या मॅचमध्ये, टॉटनहॅमने आधी गोल केला, तेव्हा इथे जळगावात कूलरसमोर बसूनही आम्हाला घाम फुटला होता. पोरं मैदानावर शांत. शेवटी लिव्हरपूल 5-1 ने जिंकलं.

क्लॉपचं मोल मात्र कमी करू नका. 2019 ची युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग, 2020 ला तीस वर्षांनी लीग. तो गेला तेव्हा घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं होतं.