सव्हानावर मर्ज रिक्वेस्टची सोय हवी, की पॅच ईमेलनेच बरे?

धागाकर्ता
ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतल्या प्रकल्पांचा कोड सांभाळणारं सव्हाना हे संकेतस्थळ पीएचपीतल्या सावान या सॉफ्टवेअरवर चालतं. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली) आहे, बग आणि पॅच (कोडमधल्या बदलांची फाइल) नोंदवायचे ट्रॅकर आहेत. पण वेबवरूनच बदल सामावून घ्यायची विनंती (मर्ज रिक्वेस्ट) पाठवणं, नेमक्या ओळीवर शेरा देणं जमत नाही. ग्विक्स हा ग्नू प्रकल्प २०२५ मध्ये अशी सोय असलेल्या कोडबर्ग या संकेतस्थळावर गेला. बाकीचेही जायला नको असतील तर ही सोय हवीच. जावास्क्रिप्ट अर्थातच मुक्त परवान्याची.

प्रतिसाद १ : असहमत
तीन कमिट (गिटमध्ये नोंदवलेले बदल) पाठवायच्या तर 'गिट फॉरमॅट-पॅच -३ --कव्हर-लेटर'ने पॅच बनवायचे, मग 'गिट सेंड-ईमेल'ने पाठवायचे. मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) ते लावायला 'गिट एएम -३' चालवतो, झालं. खातं उघडावं लागत नाही. शिवाय प्रत्येक कमिट स्वतंत्र वाचली जाते, कमिट संदेशासकट. वेबवर बहुतेक ठिकाणी सगळ्या कमिटचा एकत्र डिफ (बदललेल्या ओळींची तुलना) समोर येतो आणि संदेशाच्या ओळीवर शेरा देताच येत नाही. मग 'दुरुस्ती', 'पुन्हा दुरुस्ती' अशा कमिट थेट इतिहासात जातात.

धागाकर्ता
शिस्तीचा मुद्दा मान्य. पण नवा माणूस वेबमेलमध्ये पॅच चिकटवतो. लांब ओळी मोडतात, टॅबचे स्पेस होतात आणि पॅच लागत नाही. दोष त्याच्या कोडचा नसतोच! डीमार्कमुळे (खोट्या पत्त्याचे ईमेल रोखणारी व्यवस्था) मेलिंग लिस्ट पाठवणाऱ्याचा 'फ्रॉम' पत्ता बदलते, ते वेगळंच. पॅचच्या मजकुरात लेखकाची 'फ्रॉम' ओळ नसेल, तर कमिटवर लेखक म्हणून लिस्टचा पत्ता लागतो.

प्रतिसाद २ : सर्व्हरच्या बाजूने
वेबवरून विनंती पाठवायला बहुतेकदा फोर्क, म्हणजे रिपॉझिटरीची (कोडसाठ्याची) स्वतःची प्रत, लागते; हे फोर्क फुकट मिळत नाहीत. डिस्क वाचवायला फोर्क मूळ रिपॉझिटरीचे ऑब्जेक्ट (गिटने साठवलेला मजकूर) 'आल्टरनेट्स' या सोयीतून उसने घेतात. मूळ ठिकाणी 'प्रून' (न लागणाऱ्या ऑब्जेक्टची साफसफाई) झालं आणि ते ऑब्जेक्ट फक्त फोर्कलाच लागत होते, तर फोर्क मोडतो. त्यात एआयसाठी मजकूर ओढणारे बॉट ब्लेम (कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणारी) आणि डिफची पानं उपसतात. ही पानं दर वेळी नव्याने काढावी लागतात, सीपीयू तिथेच जातो. स्पॅम खाती कोण निस्तरणार? हे सगळं मूठभर स्वयंसेवकांच्या डोक्यावर येतं.

प्रतिसाद ३
फोर्क टाळता येतो. फोर्जेजो या कोड सांभाळणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये एजिट पद्धत आहे, यात बदल थेट सर्व्हरवर पाठवतात (पुश): 'गिट पुश ओरिजिन हेड:रेफ्स/फॉर/मेन -ओ टॉपिक=नाव'. मूळ रिपॉझिटरीवरच विनंती उघडते. त्याच टॉपिकवर पुन्हा पुश केलं की तीच विनंती अद्ययावत होते. रिबेस (कमिट नव्या पायावर पुन्हा रचणं) केला असेल तर मात्र 'फोर्स-पुश'चा पर्याय जोडावा लागतो, नाहीतर पुश नाकारला जातो. सावानमध्ये नवं काही लिहिण्यापेक्षा हे शेजारी उभं करावं.

प्रतिसाद १
तरी खातं लागतंच. ईमेलने आलेला पॅच दुय्यम ठरणार नसेल, लिस्टवर आलेल्या पॅचच्या मालिकेची आपोआप विनंती बनणार असेल आणि वेबवरचे शेरे पूर्ण मजकुरासह लिस्टवर परत येणार असतील, तरच माझा विरोध मागे.