प्रतिसाद: नवीन सील टाकूनही ड्रममध्ये तेल
भाऊ, नवं ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) टाकूनही मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक ड्रम तेलकट होतोय म्हणता, तर आधी अॅक्सल हाउसिंगचा (मागच्या चाकांच्या दांड्यावरचं तेल भरलेलं आवरण) ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर जायची छोटी नळी, काढून बघा. तो मातीने बुजला की तापलेली हवा आत कोंडते आणि तेल सीलवाटे बाहेर ढकलते. नागपूरच्या मे महिन्यात तर हमखास! तेलाची पातळीही फिलर प्लगच्या (तेल भरायच्या भोकाचं बूच) काठापर्यंतच हवी.

सील बसते ती जागा नखाने तपासा. चर लागली तर नवं सीलही गळणार. हब बेअरिंग (ज्यावर चाक फिरतं ते) ढिलं असेल तरी तेच. सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे, ओठाला (सीलच्या आतल्या कडेला) थोडं ग्रीस.

तेल पिलेले लायनर (ड्रमला घासून ब्रेक लावणाऱ्या पट्ट्या) पेट्रोलने धुऊन वापरू नका. तापले की तेल परत वर येतं. लायनर मागच्या दोन्ही चाकांचे बदला, नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल.