स्पर्धेच्या घोड्याला रपेट हवी की रिंगण पुरे?

नागावची पागा
आमच्याकडे उड्यांच्या आणि ड्रेसाजच्या, म्हणजे ठरलेल्या चाली अचूक करून दाखवायच्या स्पर्धेच्या, तयारीतले घोडे आहेत. काही मालकांची सक्त ताकीद असते: घोडा रिंगणाबाहेर काढायचा नाही, पाय मोडला तर कोण बघणार? मला हे मुळातच चूक वाटतं. ड्रेसाजचं मैदान २० बाय ६० मीटरचं. त्यात घोडा सरळ चालायला लागतो न लागतो तोच वळण येतं. रोज तीच गादीसारखी मऊ वाळू, तोच कोपरा, तीच भिंत. सरळ लांब चाल, थोडा चढ-उतार, कधी कडक जमीन, कधी मऊ, हे पायांना कुठून मिळणार? आणि डोक्याचं काय? तासभर काम करून उरलेला दिवस तो तबेल्यात उभा. मग लाकूड चावणं, एका जागी झुलत राहणं सुरू होतं आणि आपण त्याला 'खोड' म्हणतो. मी तर म्हणेन, आठवड्यातून दोनदा रपेट, म्हणजे स्वार बसून रिंगणाबाहेर फेरी, झालीच पाहिजे.

उडीवाली_अलिबाग
दादा, तुमची कळकळ समजते, पण बाहेर म्हणजे कुठे? अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर शनिवार-रविवारी गाड्यांमधून माणसाला वाट मिळत नाही. किनाऱ्यावर एटीव्ही (वाळूवर पळवायच्या चारचाकी मोटरगाड्या), पतंग, पॅरासेलिंगची छत्री, पाठी लागणारी कुत्री. बुजलेला घोडा अंगावरून गेला तर पर्यटकांतलं एखादं पोर चिरडेल. माझी घोडी मी कर्ज काढून घेतली आहे. तिच्या पायाशी मी खेळणार नाही. रिंगणातली वाळू मी रोज सारखी करते, पाणी मारते, दगड वेचते. किनाऱ्यावर हे कोण करतं?

जनावरांची डॉक्टर
वाळूबद्दल थोडं सांगते, कारण सगळी गल्लत तिथे होते. सुरूच्या बनाजवळची कोरडी, खोल वाळू वाईट. खूर रुततो आणि मागच्या बाजूच्या स्नायुबंधांवर ताण येतो. तिथे दौड करून पाय सुजवून आणलेले घोडे मी पाहते. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू वेगळी, ती चालायला चांगली. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज धरू नका.

दुसरं, स्नायू लवकर तयार होतात. स्नायुबंधांना रक्तपुरवठा कमी, ते हळू तयार होतात. हाडही बसेल त्या भाराप्रमाणे घडतं. म्हणून वेगवेगळ्या जमिनीवर पाऊलचाल (संथ चालणं), मग थोडी दुडकी (हलकी धाव), आणि हे महिनोनमहिने. वर्षभर मऊ रिंगणात राहिलेला घोडा अचानक स्पर्धेच्या कडक मैदानावर उतरवला तर त्रास होणारच.

उडीवाली_अलिबाग
ताई, पाऊलचालीबद्दल वाद नाही. पण तीही मी रिंगणाच्या कडेने करून घेऊ शकते ना?

चौलकर स्वार
उडीवालीताईंच्या बाजूने मी. लोक दोन गोष्टी एकत्र करतात: मोकळं सोडणं आणि रपेट. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं, त्याला दिवसभर थोडं थोडं चरायला लागतं, दुसरा घोडा डोळ्यांसमोर लागतो. हे सगळं कुंपणातल्या मोकळ्या जागेत मिळतं. त्यासाठी पाठीवर माणूस कशाला हवा? नारळाच्या वाडीला कुंपण घालून दोन घोडे सोडा, अर्ध्या खोडी जातील. तीन दिवसांच्या इव्हेंटिंगसाठी रपेट हवी, कारण त्यात ड्रेसाज आणि उड्यांसोबत क्रॉस-कंट्री, म्हणजे मोकळ्या रानातली अडथळ्यांची दौड, आहे. आपला स्वार फवाद मिर्झा टोकियो ऑलिंपिकला त्याच प्रकारात उतरला होता. नुसत्या ड्रेसाजवाल्याने ही जोखीम का घ्यावी?

नागावची पागा
चौलकर, मोकळं सोडण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण मोकळा घोडा भडकला की पळतो आणि लांब जाऊन थांबतो, तेच शिकतो. पाठीवर स्वार असताना फडफडणाऱ्या झेंड्याजवळून शांत जायचं, हे त्याला कुंपणात कोण शिकवणार? स्पर्धेत लाउडस्पीकर असतो, तंबू असतात, टाळ्या असतात. रिंगणात सुंदर चालणारा घोडा तिथे प्रवेशद्वाराशीच अडून बसतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

आणि ड्रेसाजवाल्याला रपेट नको, हे तर मुळीच मान्य नाही. व्हॅलेग्रो हा २०१२ आणि २०१६ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं वैयक्तिक सुवर्ण मिळवलेला घोडा. त्याला बाहेर फिरवायचे आणि कुरणात सोडायचेही.

उडीवाली_अलिबाग
तो इंग्लंडमध्ये होता! २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलेले आपले स्वारही युरोपात राहून तयार झाले. तिथे हवा थंड. इथे मे महिन्यात सकाळी आठलाच हवा इतकी दमट की घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही.

जनावरांची डॉक्टर
हे बरोबर आहे, आणि याकडे दोन्ही बाजूंनी लक्ष द्या. घोड्याच्या घामातून मीठ खूप जातं. दमट हवेत काही घोड्यांना तर घाम यायचाच बंद होतो. अंग कोरडं, नाकपुड्या फुललेल्या, श्वास जोरात दिसला तर तिथेच खाली उतरा, पाणी मारा, फोन करा. उजाडताच निघा, ऊन चढायच्या आत परत या. पण ताई, हा नियम रिंगणालाही लागू आहे. उन्हात रिंगणात उड्या मारून घेणं रपेटीपेक्षा जास्त धोक्याचं.

मोतद्दार
मी घोड्यांच्या पाठीमागेच मोठा झालो. एकटा घोडा पहिल्यांदा बाहेर काढायचाच नाही. एक म्हातारा, शांत घोडा पुढे चालवा, नवा त्याच्या मागे. तो पाण्याच्या फेसाला बुजला नाही की हाही बुजत नाही. लाटेत लगेच नेऊ नका, पायाखालून पाणी ओसरतं तेव्हा घोड्याला जमीनच सरकल्यासारखी वाटते. आणि मंगळवार-बुधवार धरा, तेव्हा किनारा रिकामा असतो. नाल ढिली असेल तर निघूच नका. कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीत टांगे ओढणारे घोडे बघा, गर्दीत कसे शांत उभे असतात. त्यांना कुणी रिंगणात नाही शिकवलं.

चौलकर स्वार
मोतद्दारकाका, ते घोडे शांत आहेत की थकलेले, हेही बघायला हवं. बाकी तुमचं पुढच्या घोड्याचं म्हणणं पटलं. पण पावसाळ्याचं काय? चार महिने वाडीतल्या वाटा शेवाळलेल्या, समुद्र खवळलेला, गोमाशा चावून सरा या रोगाची भीती.

नागावची पागा
पावसात मी कुणालाच किनाऱ्यावर नेत नाही. उघडीप मिळाली तर गावातल्या डांबरी रस्त्यावर पाऊलचाल, तीही थोडीच. एवढंही नसेल तर दोरी धरून पायी फिरवून आणा, पण तबेल्याच्या दारातून बाहेर काढा.

उडीवाली_अलिबाग
पायी फिरवायला मी तयार आहे, उद्यापासूनच. स्वारी करून किनाऱ्यावर जायचं तर आधी पाऊस संपू दे, मोतद्दारकाकांचा म्हातारा घोडा पुढे असू दे आणि पहिल्या काही वेळा फक्त पाऊलचाल. तिथे कोणी एटीव्ही घेऊन आला तर मी उतरून परत फिरेन. दौड करायला मला कुणी सांगू नये.