मदत हवी आहे: कॉयड अ ब्रेनिनचा (वेल्स) लाल ट्रेल १३ वर्षांच्या मुलाला झेपेल का?

अबोली२१

नमस्कार मंडळी. आम्ही बर्मिंगहॅमला असतो. चिरंजीव १३ वर्षांचे, वजन ४४ किलो, आणि सध्या डोक्यात सायकल सोडून दुसरं काही नाही. ऑक्टोबरच्या हाफ-टर्मला (शाळेची मधली सुटी) डोल्गेथ्लायजवळ तीन दिवसांसाठी कॉटेज घेतलंय. सगळ्यांना सांगताना "निसर्ग बघायला" असं सांगतेय, खरं कारण म्हणजे त्याला कॉयड अ ब्रेनिनच्या जंगलात सायकल चालवायची आहे. तिथला टेम्टिऊर नावाचा ८.७ किमीचा लाल (अवघड दर्जाचा) ट्रेल त्याने नकाशावर पाठ केलाय.

माझी पंचाईत अशी की लोकांची मतं वाचावीत तेवढी थोडी, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. एक म्हणतो हा कसला लाल, तासाभरात उरकतो, मुलांना बिनधास्त न्या. लगेच खाली दुसरा म्हणतो नुसते धोंडे आहेत, हाडं खिळखिळी झाली, पुन्हा पाऊल ठेवणार नाही. तिसऱ्याला तो इंग्लंड-वेल्समधला सगळ्यात सुंदर छोटा ट्रेल वाटतो. यातलं कुणाचं ऐकायचं?

आमचा अनुभव सांगते. इथल्या जवळच्या कॅनक चेसच्या जंगलात पेरीज ट्रेल (निळा) चार-पाच वेळा झालाय, त्यात त्याला आता काही वाटत नाही. तिथलाच फॉलो द डॉग (लाल) एकदा पूर्ण केला, पडला नाही, पण नंतर दोन दिवस मनगटं दुखत होती. मला सांगितलं नाही, पोळी मोडताना तोंड वाकडं झालं तेव्हा कळलं. म्हणून धास्ती. सायकल हार्डटेल आहे (मागे शॉकअप नाही), पुढे १०० मिमीचा शॉकअप, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. तीन महिन्यांपूर्वी ओळखीच्यांकडून सेकंडहँड घेतलीय. मीही सोबत चालवणार आहे, पण माझी मजल कॉलेजात लेडीबर्डवरून पर्वती पायथा ते डेक्कन, त्यामुळे मला सल्लागार समजू नका.

जांभा

अबोलीताई, मी मँचेस्टरला असतो, आठ-नऊ वर्षांत तिथे पंधरा-वीस वेळा तरी गेलोय. टेम्टिऊर डोळे मिटून सांगू शकतो (चालवू शकत नाही).

ती मतं परस्परविरोधी वाटतात, पण तिन्ही खरी आहेत. माणूस कुठल्या जमिनीवर सायकल शिकलाय ते आधी बघायचं. कॅनकला जमीन म्हणजे गोल गुळगुळीत गोटे आणि वाळू. चाक त्यावरून घसरतं, पण धक्का कमी. ब्रेनिनला दगड धारदार, स्लेटसारखे चपटे, आणि ते मुद्दाम उभे किंवा घट्ट चिकटून बसवलेत. आपल्याकडे गडाच्या वाटेला फरसबंदी असते ना, तसं समजा, फक्त मावळ्यांऐवजी सायकलींसाठी. म्हणून चाक सुटत नाही, पण खडखडाट थांबत नाही. बाइकपार्कमधल्या मऊ, गुळगुळीत, उंच वळणांच्या ट्रेलवर वाढलेला माणूस तिथे आला की त्याला वाटतं हे बांधकाम अर्धवट सोडलंय.

पण ते तसंच करायचं होतं. तो भाग पावसाचा. माती मोकळी ठेवली तर पहिल्याच हिवाळ्यात पाणी वाटेचा ओढा करतं, आणि त्यात शेकडो टायर ब्रेक मारून घासत जातात. म्हणून दगडाचं कवच. १९९०च्या दशकात दावीध डेव्हिस आणि त्यांच्या सोबतच्या स्वयंसेवकांनी हे हाताने रचायला सुरुवात केली, तेव्हा ब्रिटनमध्ये डोंगरी सायकलसाठी मुद्दाम बांधलेली जंगलवाट ही कल्पनाच नवी होती. बाकीची ट्रेल सेंटरं नंतर आली. त्यामुळे इथे तीस वर्षांपूर्वीची चव आहे. कुणाला ती शिळी लागते, मला मुरलेली.

आता तुमच्या मुलाचं. निळा आरामात करतो, एक लाल पूर्ण केलाय, म्हणजे टेम्टिऊर कौशल्याच्या हिशोबाने त्याच्या आवाक्यात आहे. उड्या मारायलाच लागतील असं काही नाही. मला खटकतंय ते मनगटाचं. ४४ किलोच्या मुलाला कॅनकच्या गोट्यांवर दोन दिवस दुखेल इतका मार बसायला नको. टायरमध्ये हवा किती भरता? शॉकअप स्प्रिंगचा की हवेचा? आधी कोण चालवत होतं ही सायकल?

वेताळभक्त

इकडे पुण्यात वेताळ टेकडीवर आम्हाला ना लाल ना निळा. एकच रंग, धुळीचा. जूननंतर चिखलाचा. :)

प्रामाणिक शंका: हे रंग कोण ठरवतं? आणि लाल म्हणजे नक्की किती लाल?

जांभा

वेताळभक्त, स्कीच्या उतारांसारखंच. हिरवा सोपा, मग निळा, लाल, काळा. जंगल सांभाळणारी संस्था ठरवते, पण एका जंगलातला लाल दुसऱ्या जंगलातल्या लालाशी तोलू नये. ब्रेनिनमध्येच बघ: टेम्टिऊर ८.७ किमी, लाल. ड्रॅगन्स बॅक ३१ किमी, तोही लाल. रंग वाटेची अवघड जागा सांगतो, पायांचं काय होईल ते नाही.

चाकावरची_काकू

मी स्वान्सीची. वय विचारू नका, बसचा पास फुकट मिळतो एवढं सांगते.

अगं अबोली, सगळे लालाच्या मागे लागलेत, निळ्याबद्दल कुणी बोलतच नाही. तिथला मायनरटॉर आधी कर. तो पाकळ्यांसारखा आहे, एक फेरी झाली की पुढची जोडायची किंवा सरळ परत फिरायचं. सगळ्या जोडल्या तर साधारण १२ किमी. हाताने चालवायच्या तीन-चार चाकी सायकलींनाही जाता यावं म्हणून रुंदी आणि वळणं त्या बेताची ठेवलीत. माझ्यासमोर एक बाई तसल्या सायकलवरून वळणांवर अशी झुकत गेली की मी बाजूला थांबून बघतच राहिले. निळा म्हणजे लहान मुलांचा, हे त्या दिवशी डोक्यातून गेलं.

टेम्टिऊरही केलाय मी. तीन ठिकाणी उतरून चालले. कुणी हसलं नाही, आणि हसलं असतं तरी मी थांबले नसते. खरी पडले ती सपाटीवर. जर्मनीहून आलेल्या भाच्याची सायकल घेतली होती. त्यांच्याकडे डावा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, इथे उजवा. मी सवयीने डावा दाबला आणि हँडलवरून थेट नेच्याच्या झुडपात. तेव्हा सायकल उसनी असेल तर आधी मोकळ्या जागेत ब्रेक तपासा.

अबोली२१

काकू, =)) पण लागलं नाही ना फार?

जांभा, तुमचे प्रश्न वाचून खाली गॅरेजमध्ये गेले. टायरवर कमाल ६० लिहिलंय, म्हणून आम्ही ४५ पीएसआय भरत होतो, "मधलं" म्हणून. शॉकअपच्या डाव्या पायावर हवेची झाकणी आहे, म्हणजे हवेचाच ना? ती आम्ही कधीच उघडलेली नाही. सायकल नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाची होती. गृहस्थ सहा फुटी, आडवे.

जांभा

सापडलं. तुमचा मुलगा तीन महिने त्या गृहस्थांच्या शॉकअपवर बसलाय. तो त्यांच्या वजनासाठी भरलेला, ४४ किलोला तो दाबलाच जात नसणार. म्हणजे नावाला सस्पेन्शन, प्रत्यक्षात काठी. त्यात ४५ची टायर. ब्रेनिनच्या दगडांवर असं नेलंत तर त्याचं मत "हाडं खिळखिळी" वाल्यांत जमा होईल आणि दोष बिचाऱ्या टेम्टिऊरला.

शॉकअपच्या चकचकीत नळीवर रबराची कडी असेल, नसेल तर प्लास्टिकची पट्टी सैलसर बांधा. कडी खाली सरकवून ठेवा. मुलाला हेल्मेट-बॅगसकट अलगद बसवा, पेडलवर उभं राहायला सांगा, हात हँडलवर, तुम्ही सायकल धरा. मग न उसळता उतरवा आणि कडी किती वर गेली ते मोजा. १०० मिमीच्या शॉकअपला २० ते २५ मिमी हवी. कमी असेल तर हवा काढा. त्यासाठी शॉकअपचा वेगळा बारीक पंप लागतो, साधा पंप चालत नाही. हँडलच्या बाजूला शॉकअप जाम करणारी लॉकची चावी असेल तर ती उघडी आहे ना तेही बघा. अनेकांची आयुष्यभर बंद असते.

टायर: ट्यूबवाली असतील तर त्याच्या वजनाला पुढे २५, मागे २८ च्या आसपास. याहून खाली नको, दगडाच्या धारेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि सापाने चावल्यासारखी शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. जास्तीच्या दोन ट्यूब न्या.

वेताळभक्त

+१. आणि ब्रेकची दांडी त्याच्या बोटांपर्यंत येते का बघा. मोठ्या माणसाच्या हाताला लावलेली असेल तर पोरगं पूर्ण पंजा ताणून ब्रेक धरतं, मनगट तिथेच जातं. बारीक स्क्रू असतो, दांडी आत आणायची. एका बोटाने ब्रेक लागला पाहिजे, बाकीची बोटं हँडलला. उतारावर सीट खाली, पेडल आडवी समांतर, टाचा थोड्या दाबलेल्या, नजर चाकाखाली नाही तर पुढच्या वळणाकडे. टेकडीवर नवीन पोरांना आम्ही एवढंच शिकवतो, बाकी टेकडी शिकवते.

पाऊसवेडी

ऑक्टोबर आहे म्हणून: ओल्या दगडांना घाबरू नका, शेवाळलेले नसतील तर पकड बरी असते. ओली मुळं आणि त्यावर पडलेली पानं मात्र साबण. मुळावर ब्रेक नको, वळण नको, सरळ जाऊ द्या.

लार्च झाडांच्या रोगामुळे वेल्सच्या जंगलांत मोठी तोड चालते, तेव्हा एखादा तुकडा बंद असून वळसा दिलेला असू शकतो. आदल्या दिवशी बघून घ्या. आणि तिथलं सेंटर, म्हणजे कॅफे वगैरे, मार्च २०२५ अखेर बंद झालंय. ट्रेल सुरू आहेत. पूर्वी चिखलाने माखून आलं की गरम सूप मिळायचं, आता आपलं आपण. मोबाइलला झाडीत रेंजचा भरवसा नाही, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

चाकावरची_काकू

डब्यात पराठे ने. केळी दप्तरात चेंबतात, अनुभवाचे बोल.

नेमस्त

धाग्याचा विषय नाही, पण राहवत नाही. एवढा खर्च करून जंगलात दगड रचायचे आणि मग त्यावरून धडपडायला जायचं, हे मला कळलेलं नाही. रस्ते आहेत की.

जांभा

नेमस्त, रस्त्यावर ट्रक आहेत.

अबोली२१

परत आलो! उशिरा लिहितेय, क्षमस्व.

आधी शॉकअप. दुकानातून पंप आणला, लावला तर आत ९८ पीएसआय. मुलगा बसला तेव्हा कडी जेमतेम ७ मिमी हलली होती. कमी करत करत ५४ वर आणलं तेव्हा २२ मिमी आलं. तो पार्किंगमध्ये फुटपाथवरून एकदा उतरला आणि म्हणाला, "आई, ही वेगळी सायकल आहे." मला थोडं अपराधी वाटलं. तीन महिने आम्ही त्याला "हात सैल सोड" सांगत होतो.

पहिल्या दिवशी काकूंचं ऐकून मायनरटॉर, सगळ्या पाकळ्या. मी दोनदा थांबले, तो शेवटी वाट बघत पराठा खात होता. दुसऱ्या दिवशी भुरभुर पावसात टेम्टिऊर. सुरुवातीलाच दगडांची पायरीपायरीची वाट लागते, तिथे माझे हातपाय गार पडले. मी उतरून चालले (काकू, चार ठिकाणी, तुमच्यापेक्षा एक जास्त). त्याने एकदा पाय टेकला, एकदा तो ओल्या मुळावर आडवा झाला. पाऊसवेडी यांनी सांगितलं होतं तेच, वळताना ब्रेक दाबला. कोपर खरचटलं. उठून सायकल मागे नेली आणि तो तुकडा पुन्हा केला. मी काही बोलले नाही.

मनगटं विचारली. दुखत नाहीत म्हणाला. संध्याकाळी पोळी मोडताना मुद्दाम बघितलं, तोंड सरळ होतं.

माझं मत विचाराल तर मला तो ट्रेल फार आवडला आणि फार भीतीही वाटली. मध्ये एका ठिकाणी झाडीतून खालच्या नदीचा आवाज येतो, दगडांवर शेवाळ, ओल्या मातीचा वास. आंबोली घाटात उतरल्यासारखं वाटलं, फक्त थंडी दुप्पट. नवरा गाडीत बसून होता, त्याचं मत "पार्किंग चांगलं आहे".

तिसऱ्या दिवशी चिरंजीवांना ११ किमीचा तो दुसरा लाल, कव्लिम कॉख, करायचा होता. मी नाही म्हटलं, पाय उचलत नव्हते. आता रोज जेवताना विषय निघतो. जांभा, तो टेम्टिऊरपेक्षा कितपत अवघड? आणि मागच्या ब्रेकमधून किंचाळल्यासारखा आवाज येतोय, पावसानंतर सुरू झालाय. पॅड बदलायचे की नुसते पुसून चालेल?

जांभा

पॅड काढून जाडी बघा. धातूच्या पट्टीवर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास उरलं असेल तर बदला. जाड असतील तर डिस्क स्पिरिटने पुसा, पॅड बारीक पॉलिशपेपरवर घासा आणि उतारावर पंधरा-वीस वेळा वेग घेऊन ब्रेक मारा, पूर्ण न थांबता. साखळीचं तेल डिस्कवर उडू देऊ नका, नाहीतर हे सगळं वाया.

कव्लिम कॉख त्याला जमेल. तुम्हाला पराठे जास्त लागतील.