हाटात म्हशी विकायच्या, पण बाकी पैसे पंधरा दिवसांनी म्हणतात. द्याव्या का?

सांवेररोड_गोठा (इंदूर):
नमस्कार मंडळी. चार मुऱ्हा म्हशी काढायच्या आहेत. दोन दुसऱ्या वेताच्या दुभत्या, दोन गाभण. दलालाने जळगावकडचा हेडी (गुरांचा व्यापारी) आणलाय, सौदा 3,60,000 वर आलाय. 1,00,000 आज यूपीआयने, उरलेल्या 2,60,000 चा पंधरा दिवस पुढचा चेक, तोही त्याच्या भावाच्या फर्मचा. दलाल म्हणतो, "मी मध्ये आहे ना." या "मध्ये आहे" ला कायद्यात काही किंमत आहे का? शिवाय हल्ली खरेदीदार व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ मागवून गोठ्यावरच भाव करतात. असंच चाललं तर हाटांचं काय होणार?

जुनावकील_देवास:
दादा, किंमत आहे, पण कागदावर आली तर. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी जामिनकीसुद्धा चालते. ती सिद्ध करता करता मात्र माणूस थकतो. सौदापावतीवर दलालाकडून एकच ओळ लिहून घ्या: "खरेदीदाराने ठरल्या तारखेला रक्कम न दिल्यास मी देईन." खाली सही, तारीख, दोन साक्षीदार. लिहायला का-कू करू लागला तर त्याचं "मध्ये आहे" कितपत खरं ते तिथेच कळेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माल विक्रीच्या 1930 च्या कायद्यात पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला माल अडवून धरता येतो, पण माल त्याच्या ताब्यात असेपर्यंतच. दावं हातातून सुटलं की तो हक्क गेला, मग उरतो फक्त दिवाणी दावा, तीन वर्षांच्या मुदतीत. आणि पंधरा दिवसांची उधारी एकदा कबूल केलीत, तर म्हैस तुमच्याच खुंट्याला असली तरी मुदत संपेपर्यंत पैशासाठी अडवता येत नाही, खरेदीदाराचं दिवाळं निघालं तर गोष्ट वेगळी. म्हणून उधारी कबूलच करू नका. "पूर्ण रक्कम जमा झाल्यावर जनावर सोडणार" असं पावतीवर लिहा.

भावाच्या फर्मच्या चेकबद्दल: चेक परत आला तर कलम 138 ची, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्याची, तक्रार खातं ज्याचं त्याच्यावर होते. म्हशी नेणारा त्यातून मोकळा राहतो. म्हणून चेक घ्यायचाच असेल तर पावतीवर ज्याचं नाव, त्याच्याच खात्याचा घ्या. चेक नंबर पावतीत लिहा आणि "म्हशींच्या किमतीपोटी" हे शब्द हवेतच, नाहीतर उद्या "तो तर नुसता सुरक्षेचा चेक होता" असं सांगतात. परत आलाच तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला 15 दिवस, तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत घालायला हवा. ही मुदत चुकली की चेक म्हणजे नुसता कागद.

रामबाग_बँकवाला:
वकीलसाहेबांच्या म्हणण्यात भर घालतो. ही रक्कम चेकवर अडण्याचं कारणच नाही. 2 लाखांपासून पुढे आरटीजीएस (खात्यातून खात्यात थेट मोठी रक्कम पाठवणं) होतं आणि डिसेंबर 2020 पासून ते चोवीस तास, रविवारीही चालतं. आयएमपीएस, म्हणजे मोबाइलवरून लगेच पैसे पाठवायची बँकेची सोय, तिची मर्यादा 5 लाख, म्हणजे अख्खी रक्कम एका फटक्यात येऊ शकते. यूपीआयला साधारण दिवसाला 1 लाखाची मर्यादा असते, म्हणून तेवढाच आकडा तो तिथे बोलतोय.

अडतं कुठे? बऱ्याच बँका नवं खातं जोडल्यावर पहिले 24 तास थोडीच रक्कम जाऊ देतात. हाटात उभं राहून "बँक अडवतेय हो, उद्या टाकतो" हे ऐकू येतं ते यामुळेही, आणि ते दर वेळी खोटं नसतं. म्हणून आदल्या दिवशीच तुमचं खातं त्याच्याकडे जोडून घ्या, 1 रुपया टाकायला सांगा, तो तुमच्या खात्यात आला का पाहा.

त्याच्या मोबाइलवरचा हिरवा बाण आणि "यशस्वी" हा शब्द बघून दावं सोडू नका. अशी चित्रं बनवून देणारी ॲप्स आहेत. आपलं ॲप उघडायचं, शिल्लक वाढलीय का बघायचं, मग दावं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी "क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील" म्हणालं तर तो चोर. पैसेही पावतीवरच्या माणसाच्याच खात्यातून यावेत. तिसऱ्याच्या खात्यातला पैसा सायबर गुन्ह्याचा निघाला तर तुमचं खातं गोठतं. रोख म्हणाल तर एका सौद्यात 2 लाख किंवा त्याहून जास्त घेता येत नाही, तुकडे करूनही.

पशुसेवा_महू:
उधारीचा सौदा बुडतो तो बहुतेक म्हशीच्या नावावर. पाचव्या दिवशी फोन येतो, "मागचं डावं सड बंद आहे, पंधरा हजार कमी करा." म्हणून विकण्याआधी संध्याकाळची आणि दुसऱ्या सकाळची, दोन्ही धारा खरेदीदारासमोर काढा. चारही सडांची धार वेगवेगळी दाखवा, लिटर पावतीत लिहा. गाभण म्हशींचं गर्भतपासणीचं पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र द्या, किती महिने झाले ते लिहून. अंग बाहेर येण्याची सवय, मारण्याची खोड असं काही असेल तर आधीच सांगा आणि लिहा, म्हणजे नंतर त्यावर पैसे कापता येणार नाहीत.

कानातला 12 अंकी बिल्ला पावतीत घाला आणि भारत पशुधन ॲपवर मालकी बदलून घ्या. म्हशी कर्जावर असतील तर बँकेचा दाखला लागेल, विमा असेल तर कंपनीला कळवा. ट्रकबद्दल एक: जनावरांच्या वाहतुकीच्या 1978 च्या नियमांत एका ट्रकमध्ये सहाच जनावरं बसतात. जास्त भरली, गाडी अडली, की हेडी म्हणतो "माल पोचलाच नाही." पैसे आणि पोचणं यांचा संबंध पावतीत ठेवूच नका.

मालवा_हाट:
हाटाच्या भवितव्याबद्दल. आपल्याकडे उघडी बोली क्वचितच होते. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, शेजारी उभ्या माणसालाही आकडा कळत नाही. तरी गोठ्यावर एकच गिऱ्हाईक येतं, हाटात एकाच म्हशीला पाच जण हात लावतात. म्हणून हाट मरू नये असं मला मनापासून वाटतं. पण पैशाची हमी नसेल तर शेतकरी व्हिडिओकडेच जाणार.

अमेरिकेत 1921 पासून पशुबाजारांवर वेगळा कायदा आहे. विक्रेत्याचा पैसा बाजाराच्या स्वतंत्र खात्यात राहतो, व्यापाऱ्याला हमीरोखा द्यावा लागतो. 2010 मध्ये तिथे एक मोठा व्यापारी बुडाला, शेकडो विक्रेते अडकले, कारण हमी तोकडी होती. 2020 च्या दुरुस्तीनंतर व्यापाऱ्याने घेतलेल्या जनावरांवर आणि त्यांच्या विक्रीतून येणाऱ्या पैशावर पैसे न मिळालेल्या विक्रेत्याचा पहिला हक्क आला.

आपल्या मध्य प्रदेशाच्या 1972 च्या मंडी कायद्यातही आवारात विकलेल्या मालाचे पैसे त्याच दिवशी, तिथेच द्यायचे आहेत. उशीर झाला तर रोज 1 टक्का जादा, पाच दिवसांपर्यंत. सहाव्या दिवशी व्यापाऱ्याचं लायसन्स गेलं असं धरतात. मात्र सौदा मंडी समितीच्या आवारात, तिच्या पावतीवर झाला पाहिजे. पंचायतीच्या हाटात फाडतात ती पावती हाटशुल्काची. तिच्यात पैशाची हमी नसते. माझ्या मते हाटसमितीने खरेदीदाराकडून आधी अनामत घ्यावी, बोली मोठ्याने लावावी आणि पैसे जमा झाल्याशिवाय जनावर बाहेर न्यायची फाटकाची पावती देऊ नये. फाटक तर आहेच, नुसतं नीट वापरायचं आहे.

सांवेररोड_गोठा:
सगळ्यांचे आभार. हेडीला पूर्ण रक्कम आरटीजीएसने सांगितली, तर तो म्हणतो मग 3,45,000 च. पंधरा हजार सोडू का?

जुनावकील_देवास:
सोडा. दोन लाख साठ हजार कोर्टात अडकले तर पंधरा हजार नुसत्या तारखांना जाण्या-येण्यात संपतात. दलालीही या नव्या आकड्यावरच धरायची, हे त्याला आत्ताच सांगा.