चीनच्या इतिहासात संशोधन : आधी भाषा की आधी एमए?

मंडळी, मदत हवी आहे. भाची इतिहासात बीए झाली, आता आधुनिक चीनवरच संशोधन करणार म्हणते. हे खूळ डोक्यात भरलं अमेरिकन इतिहासकार जॉन फेअरबँकमुळे. ऑक्सफर्डला चीनच्या सागरी जकातखात्यावर प्रबंध हाती घेतलेला हा माणूस १९३२ साली थेट पेकिंगला (आजचं बीजिंग) जाऊन चिनी शिकला. च्छिंग (चीनचं शेवटचं राजघराणं) दरबाराच्या कागदपत्रांची गोडी त्याला त्सिंगहुआ विद्यापीठातले इतिहासकार च्यांग थिंगफू यांनी लावली. १९३६ पासून फेअरबँकने हार्वर्डला शिकवलं. पुढे त्याचाच शिष्य पॉल कोहेन याने १९८४ मध्ये त्याच्या मांडणीवर टीका केली (मला तर हेच फार आवडलं).

भाची म्हणते, आधी एमए करते, भाषा नंतर बघू. मला ते पटत नाही. मूळ कागद वाचता येत नसतील तर कसला इतिहास? पण मुंबईच्या पुराभिलेखागारात अफूच्या व्यापाराची इंग्रजी कागदपत्रं आहेत. जमशेटजी जीजीभॉय वगैरे मंडळींचा चीनमधल्या कँटन बंदराशी व्यापार होताच. सुरुवात तिथून करून चिनी शिकत राहणं जमेल का?

दिल्ली विद्यापीठ, जेएनयू किंवा शांतिनिकेतनच्या चीन भवनात कुणी शिकलंय का? भाषेला किती वर्षं द्यावी लागतात, आणि पुढे नोकरीचं काय, तेही खरंखरं सांगा. वहिनींना तीच काळजी आहे.